सोडा प्यायल्याने रक्तवाहिनीच्या अस्तरातील आम्लता कमी होते का?

वाचकाचे पत्र

मी यावल तालुक्यातील निवृत्त शिक्षिका आहे. वय 62. रक्तदाबासाठी बऱ्याच वर्षांपासून टेल्मिसार्टन 40 ची गोळी सकाळी घेते, तरी मागच्या दोन्ही वेळा रक्तदाब 148/92 च्या आसपास भरला. भाच्याने मोबाइलवर एक मजकूर पाठवला. पेशींच्या आतली आम्लता वाढली की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचे काम बिघडते आणि त्यातून रक्तदाब वाढतो, असे त्यात शास्त्रीय भाषेत लिहिले होते. त्याखाली उपाय होता: रोज उपाशीपोटी अर्ध्या लिंबाच्या रसात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून पाण्यासोबत प्यावा. महिनाभरापासून मी तसे करते आहे. आमच्या गावात अल्कलाइन पाण्याचे यंत्र विकणारे एक गृहस्थ येतात. त्यांनी दिलेल्या पट्टीवर माझी सकाळची लघवी आम्ल दाखवते, त्यामुळे यंत्र घ्यावेसे वाटू लागले आहे. शिवाय माझ्या जाऊबाईंना किडनीच्या डॉक्टरांनी सोड्याच्याच गोळ्या दिल्या आहेत. त्यांना जे औषध म्हणून चालते ते मला का चालू नये? पेशीतल्या आम्लतेची गोष्ट खरी की बनावट, हेही कळवावे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी करण्याचे सांगतो, कारण मागाहून येणारे स्पष्टीकरण लांबणार आहे. लिंबू-सोड्याचे पेय आजपासून बंद करावे, टेल्मिसार्टनची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नये, आणि यंत्राची आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नये. आपल्याला आलेल्या मजकुरात दोन विधाने अशी जोडून ठेवली आहेत की पहिल्याच्या खरेपणावर दुसरे खपून जावे. पेशीच्या आतल्या आम्लतेचा रक्तवाहिनीच्या अस्तरावर परिणाम होतो, हे पहिले विधान खरे आहे. त्यामागे चांगले प्रयोग आहेत. सोडा प्यायल्याने ती आम्लता कमी होते, या दुसऱ्या विधानाला मात्र त्या प्रयोगांतून कसलाही आधार मिळत नाही. आपण विज्ञान शिकवले असावे असे पत्राच्या मांडणीवरून वाटते, म्हणून मधल्या पायऱ्या गाळत नाही.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. तो इतका पातळ असतो की बरीच वर्षे त्याच्याकडे केवळ एक गुळगुळीत आवरण म्हणून पाहिले जाई. 1980 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झावाड्झ्की यांनी सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला आणि हे मत बदलले. तुकडा आधी औषधाने आकुंचित करायचा आणि मग त्यावर अॅसिटिलकोलीन हे चेतातंतूंतून स्रवणारे रसायन सोडायचे, अशी पद्धत होती. तुकड्याची आतली बाजू शाबूत असेल तर तो सैल पडे. तीच बाजू तयारी करताना घासली गेली असेल तर मात्र तो सैल पडत नसे. स्नायू दोन्ही तुकड्यांत तोच होता, फरक होता तो फक्त त्या एका थराचा. म्हणजे सैल पडण्याचा निरोप स्नायूला अस्तराकडून मिळत होता. पुढे हा निरोप नायट्रिक ऑक्साइड नावाच्या साध्या वायूचा असल्याचे सिद्ध झाले, आणि 1998 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुईस इग्नारो व फेरिड मुराद यांना त्याच कामासाठी मिळाले.

हा वायू अस्तराच्या पेशीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करते. आर्जिनीन हे अमिनो आम्ल आणि ऑक्सिजन हा त्याचा कच्चा माल. तयार झालेला वायू काही सेकंदच टिकतो, परंतु तेवढ्या वेळात तो शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, तेथे सायक्लिक जीएमपी नावाचा पदार्थ वाढवतो आणि स्नायू सैल करतो. वाहिनी रुंदावते व तिच्यातला विरोध घटतो. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, भिंतीला चिकटू नयेत हेही तोच वायू पाहतो. अस्तराचे काम बिघडले असे डॉक्टर म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना हे म्हणायचे असते की या वायूचा पुरवठा कमी पडू लागला आहे.

आता आम्लतेकडे येऊ. पीएच हे आम्लतेचे माप, आकडा जितका लहान तितकी आम्लता जास्त. धमनीतल्या रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात राहतो, तर पेशीच्या आत तो साधारण 7.2 च्या आसपास असतो. हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण पीएचची मोजपट्टी लॉगरिथमची असल्यामुळे 7.4 वरून 7.2 वर येणे म्हणजे हायड्रोजन आयन सुमारे 60 टक्क्यांनी वाढणे. तेव्हा पेशीचा आतला भाग निरोगी माणसातही रक्तापेक्षा अधिक आम्लच असतो, आणि हा काही रोग नव्हे. आश्चर्य खरे तर उलट बाजूचे आहे. पेशीच्या आवरणाची आतली बाजू विद्युतदृष्ट्या ऋण असते व हायड्रोजन आयन धन असतो, म्हणून तो आत ओढला जातो. आवरणावर 60 मिलिव्होल्टचा विभव धरून गणित केले, आणि पेशीने काहीच प्रतिकार केला नाही असे मानले, तर आतला पीएच 6.4 पर्यंत घसरायला हवा. त्यात अस्तराच्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा ग्लुकोजच्या विघटनातून मिळवतात आणि त्या विघटनात लॅक्टेटबरोबर आम्लाची भर पडतच असते.

तरीही पीएच 7.2 वर टिकतो, कारण पेशी आम्ल सतत बाहेर काढत असते. विहिरीचे काम चालू असताना झरे काही थांबत नाहीत, म्हणून मोटर लावून पाणी उपसत राहावे लागते. तसाच हा प्रकार. आवरणातील एनएचई-1 नावाचे प्रथिन एक सोडियम आयन आत घेऊन एक हायड्रोजन आयन बाहेर टाकते. एनबीसीएन-1 नावाचे दुसरे प्रथिन सोडियमबरोबर बायकार्बोनेट आत आणते, आणि ते आतल्या आम्लाला उदासीन करते. आतला भाग फार अल्कधर्मी झाला तर बायकार्बोनेट बाहेर सोडणारी यंत्रणाही असते. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. पेशीच्या आतला पीएच किती राहील हे प्रामुख्याने ही प्रथिने ठरवतात. सकाळी पोटात काय गेले, याचा त्यात वाटा फार थोडा असतो.

या उपशाने काय साधते, हे प्रयोगशाळेत चांगले तपासले गेले आहे. 1994 मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखवले की ब्रॅडिकायनिन या संप्रेरकासारख्या पदार्थाने अस्तराच्या पेशी उत्तेजित केल्या असता त्यांचा आतला भाग किंचित अल्कधर्मी होतो, आणि त्यामुळेच नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर अधिक काळ चालू राहते. त्याच गटाने दोन वर्षांनी रक्तप्रवाहाच्या घर्षणाचा अभ्यास केला. वाहत्या रक्ताचा ओढा अस्तरावर लागला की वायू तयार होतो, हे तोपर्यंत माहीत होते. ही निर्मिती पेशीतल्या कॅल्शियमच्या वाढीपेक्षा तिच्या आतल्या पीएचवर अवलंबून असते, असे त्यांना दिसले. घर्षणाचा हा मुद्दा कृपया लक्षात ठेवावा, उपायांकडे आल्यावर तो लागणार आहे.

2011 मध्ये डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी याहून थेट पुरावा दिला. त्यांनी एनबीसीएन-1 हे प्रथिन नसलेले उंदीर वापरले. अशा अभ्यासात केसाएवढ्या जाडीची धमनी दोन बारीक तारांवर ओवतात आणि तिचा ताण मोजतात. पेशीत एक चमकणारा रंग भरलेला असतो, ज्याची चमक पीएचप्रमाणे बदलते, त्यामुळे आतली आम्लता आणि धमनीचे आकुंचन एकाच वेळी नोंदता येते. या उंदरांच्या रक्तवाहिन्यांत, अस्तराच्या आणि स्नायूच्या दोन्ही पेशींत, पीएच नेहमीपेक्षा खाली होता. अस्तराकडून येणारा सैल पडण्याचा निरोप क्षीण झाला होता, आणि विश्रांतीच्या स्थितीत उंदरांचा रक्तदाब थोडा चढलेला होता. मोबाइलवरचा मजकूर बहुधा येथपर्यंतच वाचून लिहिलेला असावा.

कारण त्याच प्रयोगातला पुढचा भाग सोडा विकणाऱ्याच्या सोयीचा नाही. याच उंदरांना रक्तदाब चढवणारे अँजिओटेन्सिन हे संप्रेरक दिले, तेव्हा साध्या उंदरांचा रक्तदाब जसा भडकला तसा यांचा भडकला नाही. स्नायूपेशीच्या आतली आम्लता वाढल्याने स्नायूची कॅल्शियमला मिळणारी दाद कमी झाली होती, म्हणून वाहिनी जोरात आवळतच नव्हती. एकच आम्लता अस्तराच्या पेशीत वाहिनीला सैल पडू देत नाही आणि तिच्या शेजारच्या स्नायूपेशीत वाहिनीला आवळू देत नाही. दोहोंची बेरीज कोणत्या बाजूला झुकेल हे प्रसंगावर ठरते. ‘आम्लता वाढली म्हणून रक्तदाब वाढला’ असे एका ओळीचे समीकरण त्यामुळे मांडता येत नाही.

पेशीच्या बाहेरची आम्लता हे आणखी वेगळे प्रकरण आहे. आपण वेगाने चालतो तेव्हा पोटरीच्या स्नायूंत आम्ल साचते, आणि त्याने तेथल्या वाहिन्या रुंदावतात. त्यामुळेच तर काम करणाऱ्या स्नायूला जादा रक्त मिळते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या वाहिन्याही अशाच रुंदावतात. म्हणजे ‘आम्ल’ हा शरीरातला सरसकट खलनायक नव्हे. कोणत्या जागेचे आम्ल, किती वेळ टिकलेले, कोणत्या पेशीतले, हे सांगितल्याशिवाय त्याबद्दल बोलणे निरर्थक ठरते. जठरातले आम्ल तर या चर्चेत बसतच नाही. तेथे पीएच 1.5 ते 3.5 असतो आणि तो तसाच असायला हवा. जेवणानंतर छातीत जळजळ होणाऱ्या माणसाच्या रक्तवाहिन्या त्यामुळे आम्ल होत नाहीत.

आता आपल्या पेल्यात काय होते ते पाहू. लिंबाच्या रसात सोडा पडताच फेस येतो. सायट्रिक आम्ल आणि सोडियम बायकार्बोनेट यांची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि मागे सोडियम सायट्रेट उरते. सोडा जास्त असेल तर उरलेला भाग जठरातल्या आम्लाशी हीच क्रिया करतो आणि ढेकर येतो. सायट्रेटचे यकृतात पुन्हा बायकार्बोनेट बनते, हे खरे आहे, म्हणून आपले पेय अगदीच निष्क्रिय आहे असे मी म्हणणार नाही. परंतु धडधाकट मूत्रपिंड हे जादा बायकार्बोनेट काही तासांत लघवीवाटे बाहेर टाकतात. मधल्या वेळात रक्तात ते जरासे वाढले तरी ते आपणहून अस्तराच्या पेशीत शिरत नाही, कारण विद्युतभार असलेल्या आयनाला आवरणातून सहज वाट मिळत नाही; त्याला वर सांगितलेल्या प्रथिनांचीच वाट धरावी लागते, आणि ती प्रथिने पेशीच्या गरजेप्रमाणे चालतात.

कार्बन डायऑक्साइडला मात्र आवरणाचा अडथळा होत नाही. शिरेतून मोठ्या मात्रेत सोडा दिला की रक्तात हा वायू वाढतो, तो चटकन पेशीत शिरतो, आत पाण्याशी संयोग पावून आम्ल बनवतो, आणि रक्त अल्कधर्मी होत असताना पेशीचा आतला भाग काही काळ उलट अधिक आम्ल होऊ शकतो. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना ही अडचण जुनीच माहीत आहे. अर्ध्या चमच्याने एवढे काही घडणार नाही. पण ‘सोडा अल्कधर्मी, म्हणून पेशी अल्कधर्मी’ हे अनुमान किती भाबडे आहे, ते यावरून दिसते.

आपल्या बाबतीत खरी काळजी सोडियमची आहे. चहाचा अर्धा चमचा सोडा म्हणजे साधारण 2.3 ग्रॅम, आणि त्यात सोडियम सुमारे 630 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसभराची मर्यादा 2000 मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण 5 ग्रॅम मिठाएवढी, सांगितली आहे. आपण रोज न्याहारीच्या आधीच त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा संपवत होता. निष्पक्षपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे: 1987 मध्ये मिठाने रक्तदाब वाढणाऱ्या मोजक्या पुरुषांवर केलेल्या अभ्यासात सोडियम क्लोराइडने रक्तदाब चढला, तेवढ्याच सोडियमच्या सायट्रेटने तो तसा चढला नाही. तेव्हा सोड्यातले सोडियम मिठातल्या सोडियमइतकेच वाईट, असा माझा दावा नाही. परंतु आपला रक्तदाब गोळी घेऊनही 148/92 आहे, आपल्या मूत्रपिंडांची स्थिती पत्रावरून कळत नाही, आणि हे सोडियम आपल्या जेवणातल्या मिठाच्या जागी येत नसून त्यावर भर म्हणून येते. ज्या औषधाचा उपयोग सिद्ध नाही त्यासाठी एवढी जोखीम पत्करण्याचे कारण दिसत नाही.

आणि आपल्या खान्देशात ही भर नेमकी कशावर पडते, हेही पाहावे. उन्हाळ्यात घरोघरी उडदाचे पापड आणि ज्वारीचे बिबडे होतात. पापडात मिठाबरोबर पापडखार पडतो, तोही सोडियमचाच क्षार आहे. शेवभाजीतली शेव खारट, आणि रस्सा पुन्हा वेगळा खारट. भरिताला माझा विरोध नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजलेले वांगे, मिरची, लसूण आणि कांद्याची पात यात आक्षेपार्ह काही नाही, मीठ हाताने घालायचे असल्यामुळे ते कमीही करता येते. त्याच ताटात डाव्या बाजूला वाढलेले लोणचे, तळलेला पापड आणि खारवलेली मिरची यांचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. रोजच्या जेवणातून या तीन गोष्टी काढल्या तर रक्तदाबावर जो परिणाम दिसेल, तो कोणत्याही पेयाने दिसणार नाही.

यंत्राबद्दल थोडक्यात गणितच मांडतो. पाण्यात वेगळे क्षार मिसळलेले नसतील, तर 9.5 पीएचच्या एक लिटर पाण्यात जेवढा अल्क असतो तेवढा 2 पीएचच्या जठररसाच्या सुमारे 3 मिलिलिटरने उदासीन होतो. चहाचा एक चमचाही भरत नाही एवढा रस. हे पाणी घशाखाली उतरून जठरात पोहोचले की त्याचा अल्कधर्म संपला, आणि त्यानंतर ते साधे पाणी. वैशाखातल्या उन्हात भरपूर पाणी पिणे आवश्यकच आहे, पण त्यासाठी माठ पुरेसा आहे. लघवीच्या पट्टीचा प्रकार तर मला अधिक खटकतो. निरोगी माणसाच्या लघवीचा पीएच 4.5 ते 8 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि सकाळी तो सहसा आम्ल बाजूलाच असतो. डाळी, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांपासून रोज जे 50 ते 100 मिलिमोल आम्ल तयार होते, ते मूत्रपिंड रात्रभर बाहेर टाकत असतात. पट्टी आम्ल दाखवते याचा अर्थ मूत्रपिंड आपले काम करत आहेत. अस्तराच्या पेशीत काय चालले आहे, हे ती पट्टी सांगू शकत नाही. किंबहुना जिवंत माणसाच्या अस्तरातला पीएच मोजणारी कोणतीही तपासणी दवाखान्यात उपलब्ध नाही. जवळात जवळची संशोधनातली पद्धत म्हणजे हातावर पट्टा फुगवून पाच मिनिटे रक्तप्रवाह रोखायचा, मग सोडायचा, आणि दंडातली धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीने पाहायचे. तीसुद्धा अस्तराचे काम मोजते, त्याची आम्लता मोजत नाही.

मग अस्तरासाठी काय करावे? वर घर्षणाचा मुद्दा लक्षात ठेवण्यास सांगितले होते. नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती सुरू करणारा सर्वांत नैसर्गिक इशारा म्हणजे भिंतीवरून वेगाने वाहणारे रक्त, आणि पेशीच्या आतल्या पीएचच्या यंत्रणेशी ज्याचा संबंध प्रयोगांत दिसला तोही हाच इशारा. रक्त वेगाने वाहावे यासाठी चालण्याइतका सोपा उपाय नाही. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने चालावे. नियमित चालणाऱ्यांत धमनीचे रुंदावणे सुधारते, हे माणसांवरच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. आपल्याकडे मार्च ते जून या काळात दिवस उजाडतानाच निघावे. संध्याकाळी सातलाही रस्ता तापलेला असतो, आणि रक्तदाबाची गोळी चालू असताना अंगातले पाणी कमी झाले तर भोवळ येण्याचा संभव असतो. आपण किंवा घरातील कोणी मिसरी वा तंबाखू वापरत असाल, तर अस्तराच्या दृष्टीने ती सोडणे हे सर्वांत आधीचे काम.

दुसरे म्हणजे गोळी चालू असूनही रक्तदाब 140 च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना ते ठामपणे सांगावे. त्याआधी घरी आठवडाभर मोजून लिहून न्यावे: चहा घेण्यापूर्वी, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, दंड हृदयाच्या पातळीवर आणि मोजताना गप्पा बंद. यंत्र नसेल तर गावच्या आरोग्य उपकेंद्रावरही मोजून मिळतो. आकडे खरोखर चढलेले निघाले तर मात्रा वाढवणे किंवा दुसरी गोळी जोडणे हा डॉक्टरांचा निर्णय असेल, आणि त्यास आपण नाही म्हणू नये. जास्त दाब हाच अस्तराला सर्वांत मोठा मार आहे. त्याच वेळी उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी), सोडियम आणि पोटॅशियम या तपासण्या करून घ्याव्यात.

पोटॅशियमचा उल्लेख मुद्दाम केला. फळे आणि भाज्या यांतले सेंद्रिय क्षार शरीरात बायकार्बोनेट बनतात, तेव्हा अल्कधर्मी आहाराच्या कल्पनेतला जो थोडा ग्राह्य भाग आहे तो सोड्याच्या डब्यात नसून मेथी, पालक, गिलके, दोडका आणि फळे यांत आहे, आणि त्यांच्यासोबत सोडियमही फारसे येत नाही. आपण केळीच्या पट्ट्यात राहता. मूत्रपिंड चांगले असतील तर रोज एखादे-दोन केळी खाण्यास हरकत नाही, उलट त्यातले पोटॅशियम रक्तदाबाला अनुकूलच आहे. पण टेल्मिसार्टन रक्तातले पोटॅशियम वाढवते, आणि मूत्रपिंड मंदावलेले असतील तर हाच लाभ धोक्याचा ठरतो. क्रिएटिनिन व पोटॅशियमचे आकडे हाती येईपर्यंत केळी मोजकीच खावीत. बाजारात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते, त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

राहिला जाऊबाईंचा प्रश्न, आणि आपल्या पत्रातला सर्वांत नेमका प्रश्न तोच आहे. त्यांची स्थिती आपल्यापेक्षा वेगळी आहे. मूत्रपिंडाचे काम बरेच घटले की रोजचे ते 50 ते 100 मिलिमोल आम्ल पूर्णपणे बाहेर पडत नाही, ते शरीरात साचते, आणि रक्तातले बायकार्बोनेट लिटरला 22 मिलिमोलच्या खाली जाते. ही मोजता येणारी कमतरता आहे, आणि डॉक्टर ती मोजून, सूज व रक्तदाब पाहून, ठरावीक मात्रेत भरून काढतात. हाडे आणि स्नायू यांची झीज टाळणे हा त्यामागचा एक प्रमुख हेतू असतो. अस्तराला त्याचा फायदा होतो का, हे याच रुग्णांत तपासून पाहिले गेले आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात सोड्याच्या गोळ्यांनी दंडातल्या धमनीचे रुंदावणे सुधारलेले दिसले. त्यावरून आशा वाटून त्याच गटाने अधिक रुग्णांवर वर्षभर चाललेली, कोणाला औषध व कोणाला बिनऔषधी गोळी हे रुग्णाला वा डॉक्टरला न सांगता केलेली चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष 2023 मध्ये आले, आणि त्यात धमनीच्या रुंदावण्यात फरक आढळला नाही. ज्यांच्या रक्तात आम्ल खरोखर साचलेले असते त्यांच्या अस्तरातही सोड्याने ठळक सुधारणा दिसली नसेल, तर ज्यांचे मूत्रपिंड ते रोज बाहेर टाकत आहेत त्यांनी तिची अपेक्षा धरण्यास आधार उरत नाही.

जाऊबाईंनी मात्र हे उत्तर वाचून आपल्या गोळ्या थांबवू नयेत, आणि गोळ्यांऐवजी स्वयंपाकघरातला सोडा चमच्याने मोजूनही घेऊ नये, कारण चमचा कधी सपाट भरतो तर कधी शिगोशीग, आणि त्यांच्या बाबतीत तेवढ्या फरकानेही पायांवर सूज येऊ शकते. घोट्याजवळ सूज, रात्री आडवे झाल्यावर धाप किंवा दोन-तीन दिवसांत एकदम वाढलेले वजन, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्यांनी डॉक्टरांना दाखवावे.